पाण्यात पडेपर्यंतचे दहा आकडे

परवा शहापूरची मावशी घरी आली होती. टेबलावर मी कारखान्यातून आणलेलं एक रिजेक्ट कास्टिंग, म्हणजे साच्यात रस ओतून केलेला गाडीचा भाग, होतं. तिनं ते हातात घेऊन फिरवून बघितलं. "हे तर जर्मन रे. माझं जर्मनचं पातेलं जरा आपटलं की चेपतंय. हे गाडीत टिकतंय व्हय?"

बेळगावच्या उद्यमबागेत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातू तापवून-विझवून कडक करायच्या भट्टीवर माझी एकोणीस वर्षं गेली. असं मुळाला हात घालणारं कुणी विचारलं की मला फार बरं वाटतं.

पातेल्यातलं अॅल्युमिनियम जवळजवळ शुद्ध असतं, म्हणून मऊ. आमच्याकडे जास्त करून ए३५६ नावाचं अॅल्युमिनियमचं मिश्रण येतं. त्यात ७ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं, त्यानं रस साच्यात कानाकोपऱ्यापर्यंत पळतो. मॅग्नेशियम मात्र अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि आमची सगळी भट्टी त्या चिमटीसाठी पेटते.

मावशीला म्हटलं, तुझा पाक आठव. गरम असताना साखर सगळी विरघळलेली. सावकाश गार झाला की साखरतो, खडे धरतो. धातूचंही तसंच. ५४० अंशांवर कास्टिंग तासन्‌तास ठेवलं की ते न वितळताच मॅग्नेशियम आत विरघळतं. (अजून पंधरा-वीस अंश चढले तर मात्र कास्टिंग आतून पाझरायला लागतं आणि माल भंगारात जातो.) मग थेट पाण्यात बुडवायचं, साखरायला सवडच द्यायची नाही. पाणी साठ-सत्तर अंशांचं लागतं, गारात टाकलं तर जॉब वाकतो. त्यानंतर १५५ अंशांवर चार-पाच तास एजिंग. या मंद आचेवर मॅग्नेशियम आणि सिलिकॉन एकत्र येऊन अतिशय बारीक, दाट कण धरतात. धातू वाकताना आतले थर सरकतात, सतरंजीवरची वळी ढकलत न्यावी तसे. हे कण ती वळी अडवतात. एजिंग फार लांबलं तर कण मोठे आणि विरळ होतात, वळीला वाट मिळते, माल परत मऊ पडतो.

हे पहिल्यांदा हाती लागलं ते १९०६ मध्ये, जर्मनीत. आल्फ्रेड विल्म यांनी तांबं आणि मॅग्नेशियम घातलेलं अॅल्युमिनियम तापवून पाण्यात विझवलं, आणि ते नुसतं ठेवल्या जागी काही दिवसांत कडक झालं. आत नेमकं काय घडतं याचा क्ष-किरणांचा पुरावा १९३८ मध्ये गिनिए आणि प्रेस्टन यांनी वेगवेगळा दिला. तोवर त्या धातूची विमानं कितीतरी वर्षं उडत होती.

आमच्याकडे भट्टीचं दार उघडल्यापासून बास्केट पाण्यात पडेपर्यंत दहा सेकंद, हा शिरस्ता. आमचे जुने ऑपरेटर मामा मोठ्यानं मोजायचे, "ओंदू, एरडू, मूरू..." घरी मराठी बोलणारा माणूस, पण भट्टीवरचे आकडे कन्नडच. दहाच्या आत टाकीतून वाफेचा लोट उठलाच पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात बास्केट उचलणाऱ्या हॉइस्टची साखळी अडकली. पातळ भिंतीच्या कास्टिंगची भरलेली बास्केट दोन मिनिटं हवेत लटकत राहिली. मामांचं मोजणं तीसवर थांबलं. माल शेवटी पाण्यात गेला, दिसायला अगदी नेहमीसारखा. एजिंग करून ब्रिनेल, म्हणजे कडकपणाचा आकडा, घेतला तर ६८, पाहिजे होता किमान ८०. मशीन चुकलं असेल म्हणून मी तीन ठिकाणी तपासलं. मशीन बरोबर होतं. त्या दोन मिनिटांत पाक साखरला होता.

नशीब एवढंच, की हा माल परत विरघळवता येतो. अख्खा चार्ज पुन्हा ५४० वर चढवला, रात्रभर थांबलो, पहाटे बुडवला. एजिंगनंतर ८४ आला. डिझेल आमचं गेलं, गिऱ्हाइकाचा माल एक दिवस उशिरा गेला.

मामा गेल्या वर्षी रिटायर झाले. आता दर सोमवारी भट्टी पेटवायच्या आधी मी रिकामी बास्केट एकदा वर घेतो, एकदा पाण्यात सोडतो. ओंदू, एरडू, मूरू. गेल्या सोमवारी सातला पडली.