बंकरपाशी पंधरा मिनिटं

अंदमानच्या टूर करायला लागून आता आठ वर्षं होतील. लोकांना वाटतं टूर मॅनेजर म्हणजे फुकटात फिरणारा माणूस. खरं काम म्हणजे हेडकाउंट, खिडकीच्या सीटचं रोटेशन, आणि सूर्याच्या आधी बीचवर पोचणं. हे शेवटचं बाहेरच्याला कळतच नाही. घड्याळ आपल्याकडचंच, पण बेटं पार पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. जेवण वीस मिनिटं लांबलं की सनसेट गेला, आणि तो काय मी बुडवलेला असतो का, पण बोलणी मलाच.

तर डिसेंबरातलीच बॅच. पोर्ट ब्लेअर (नाव बदललंय, माझ्या तोंडात जुनंच बसलंय), कॉर्बिन्स कोव्ह बीचच्या रस्त्यावर दुसऱ्या महायुद्धातले जपानी बंकर आहेत, समुद्राला लागून. टूरच्या शीटवर तिथे पंधरा मिनिटं, फोटो स्टॉप. माझा तिथला ठरलेला जोक होता, "आत जाऊन बघा, जपान्यांचा सी-फेसिंग वन आरके, भाडं शून्य." दर वेळी हशा. या वेळीही झाला.

आजीबरोबर आलेली एक सहावीतली मुलगी होती, ती बंकरच्या फटीतून समुद्राकडे बघत होती. मला म्हणाली, "दादा, हे कोणी बांधलं?" म्हटलं जपान्यांनी. "म्हणजे सिमेंट पण त्यांनीच कालवलं?"

आता याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं असं नाही, मी वाचलेलं होतं सगळं, पण तोंडाशी जोकच होता. तेवढ्यात मागून आमचा ड्रायव्हर बोलला. हा माणूस या स्टॉपला कधी गाडीतून उतरत नाही, मला वाटायचं झोप काढतो. म्हणाला, "जापानी ने बनाया नहीं बेटा, बनवाया. मेरे दादा को पकड़ के ले गए थे." बस, एवढंच, आणि परत जाऊन स्टिअरिंगवर बसला.

आठ वर्षं आम्ही बरोबर काम करतोय हो! त्याच्या मुलीच्या लग्नाला मी आहेर पाठवलाय.

त्या रात्री झोप नाही आली. आपल्या लोकांना अंदमान म्हणजे सेल्युलर जेल आणि सावरकर, ते ठीकच आहे, जपान म्हटलं की नेताजी. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी तिथे तिरंगा फडकवला, ते मी दर बॅचला छाती फुगवून सांगतो. त्यानंतर बरोबर महिन्याने, ३० जानेवारी १९४४ ला, पोर्ट ब्लेअरजवळच्या हम्फ्रीगंजला जपान्यांनी हेरगिरीच्या आरोपावरून ४४ जणांना गोळ्या घातल्या, ते मी कधीच सांगितलं नाही. त्याच महिन्यात तिथले डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाणसिंग सेल्युलर जेलमध्येच छळ सोसून गेले. मार्च १९४२ ला जपानी उतरले, ऑक्टोबर १९४५ ला शरणागती, म्हणजे साडेतीन वर्षं, आणि आमच्या शीटवर त्याची पंधरा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी हॅवलॉक बेट (त्याचंही नाव बदललंय), राधानगर बीच. पांढरी वाळू, मागे महुआची उंच झाडं, सूर्य टेकायला आलेला, आणि मी नको ते केलं. ग्रुपला गोळा करून सांगितलं की ऑगस्ट १९४५ मध्ये, युद्ध संपत आलेलं, अन्न संपलेलं, तेव्हा जपान्यांनी शेकडो लोकांना शेतीला जमीन देतो सांगून बोटीत भरलं आणि याच बेटाजवळ अंधारात समुद्रात ढकललं. पोहत किनाऱ्याला लागले त्यातलेही बहुतेक उपाशी मेले.

कोणी काही बोललं नाही. नवं लग्न झालेलं एक जोडपं पाण्यात होतं ते बाहेर आलं. आजींनी हात जोडले. एक काका मात्र म्हणाले, "अहो, सुट्टीवर आलोय आम्ही." फीडबॅक फॉर्मवर पण आलं, "टीएम मूड घालवतो", त्यावर ऑफिसात मला लेक्चर. फूड चांगलं, हॉटेल चांगलं, मी तेवढा वाईट. पण खरं सांगू का, काका चूक होते असंही मला म्हणवत नाही. सनसेटला सांगायची गोष्ट आहे का ती? मग सांगायची कधी, एअरपोर्टच्या रांगेत?

जोक मी बंद केला. पुढच्या बॅचला मला वाटलं एक भारी आयडिया आहे, ड्रायव्हरलाच म्हटलं, बंकरपाशी तू बोलशील का गेस्टशी, तुझ्या आजोबांचं सांग, लोकांना आवडेल. 'आवडेल' हा शब्द माझ्याच तोंडून गेला.

तो आरसा पुसत होता. म्हणाला, "सर, वहाँ टाइम पंद्रह मिनट का है ना. आप फोटो करवा लो."