बाटलीतले दोन फुगे

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले आणि आधी आठवली ती विज्ञानाच्या बाईंच्या टेबलावरची तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली. तिच्या बुचातून बेचक्यासारखी दुभागलेली नळी आत सोडून, नळीच्या दोन टोकांना तुळशीबागेतून आणलेले दोन लाल फुगे दोऱ्याने बांधले होते आणि कापलेल्या तळावर मोठ्या फुग्याचे रबर ताणून बसवले होते.

"हवा आत शिरते म्हणून छाती फुगते," असे मी वहीत लिहिले होते. बाईंनी ते वाक्य खोडले नाही. बाटली माझ्या हातात दिली. मी रबर चिमटीत धरून खाली ओढले, तेव्हा कोणी न फुंकताच आतले फुगे फुगले. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, त्या रबरासारखे आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीच्या पोकळीतला दाब कमी होतो आणि मगच हवा आत येते, हा क्रम त्या दिवशी बोटांना कळला. बाटलीत फुग्यांभोवती हवा असते, छातीत मात्र फुफ्फुसांभोवती द्रवाचा पातळ थर असतो, हेही बाईंनी त्याच तासाला सांगितले. स्वतःच्या प्रतिकृतीतली उणीव दाखवणारे शिक्षक मला पुढे फारसे भेटले नाहीत.

सर्वांत उपयोगी पडले ते फळ्यावरचे गणित. प्रौढ माणूस स्वस्थ असताना एका श्वासात सुमारे 500 मिलिलिटर हवा घेतो. तीपैकी सुमारे 150 मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकांतच राहते, वायुकोशांपर्यंत, म्हणजे रक्ताला प्राणवायू देणाऱ्या फुफ्फुसांतल्या इवल्या पिशव्यांपर्यंत, पोहोचत नाही. मिनिटाला असे 12 श्वास घेतले तर 6 लिटरपैकी 4.2 लिटर हवा कामी येते. तेच 250 मिलिलिटरचे 24 उथळ श्वास घेतले, तर हवा तेवढीच, पण कामी येते ती जेमतेम 2.4 लिटर.

आज मी पुण्यातच फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर टाके दुखतील या धास्तीने माणसे वरच्यावर, भराभर श्वास घेतात आणि फुफ्फुसांच्या तळाचे वायुकोश मिटू लागतात. "आता पर्वती चढता येईल का हो?" असे विचारणाऱ्या एका आजोबांच्या खाटेवर गेल्या महिन्यात मी तशीच बाटली ठेवली. त्यांनी रबर ओढले, फुगे फुगताना पाहिले, आणि तळवा पोटावर ठेवून सावकाश पहिला लांब श्वास घेतला.