नोंदवहीत ब्लांश नव्हती

परीक्षण लिहिणाऱ्याने घरूनच मत बनवून निघू नये, असं मी नव्याने लिहिणाऱ्या पोरांना सांगत असतो. मार्च २०२५ मधल्या त्या संध्याकाळी न्यू जर्सीतल्या एडिसन स्टेशनवर न्यूयॉर्कच्या गाडीची वाट बघत उभा होतो, तेव्हा माझं मत तयार होतं. मतच काय, परीक्षणाचं पहिलं वाक्यसुद्धा तयार होतं : 'सिनेमातला नट बघायला लोक नाटकाला येतात आणि नट तेवढा बघून घरी जातात.' वाक्य जमलंय म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

नाटक होतं टेनेसी विल्यम्सचं 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'. लंडनच्या आल्मेडा थिएटरची निर्मिती, दिग्दर्शन रिबेका फ्रेकनॉलचं, आणि स्टॅनलीच्या भूमिकेत पॉल मेस्कल. त्याचा 'ग्लॅडिएटर २' सिनेमा येऊन चार महिनेही झाले नव्हते, त्यामुळे ब्रुकलिनच्या प्रयोगांची तिकिटं म्हणजे दुर्मीळ चीज झाली होती. मी ज्या मराठी त्रैमासिकासाठी लिहितो त्याला इथे कोण ओळखणार? समीक्षकांसाठी राखून ठेवलेल्या खुर्च्या आमच्यासाठी नसतात. वरच्या बाल्कनीतलं एक तिकीट स्वतःच्या पैशाने काढलं. आकडा इथे लिहीत नाही, कारण हे घरीही वाचलं जातं.

ज्यांना नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बापजाद्यांची इस्टेट गमावलेली, शाळेतली नोकरी गेलेली ब्लांश एक ट्रंक घेऊन न्यू ऑर्लीन्समध्ये धाकट्या बहिणीकडे राहायला येते. बहीण स्टेला गरोदर. तिचा नवरा स्टॅनली कारखान्यात काम करणारा, अंगाने आणि स्वभावाने दांडगा. घर दोन खोल्यांचं, मध्ये नुसता पडदा. अकरा प्रवेशांत हा माणूस या बाईला पुरती मोडतो आणि शेवटी तिला वेड्यांच्या इस्पितळात नेतात. मराठीत तेंडुलकरांनी याचा अनुवाद 'वासनाचक्र' या नावाने केला. नाव जबरदस्त आहे, पण त्यात ट्राम हरवली, याची मला कायम हळहळ वाटते. मूळ नावातली 'डिझायर' ही खरोखरची ट्राम होती, त्या नावाच्या रस्त्यापर्यंत जाणारी. नाटक रंगमंचावर आल्यावर काही महिन्यांतच, १९४८ साली, ती बंद होऊन तिथे बस आली. आपल्याकडे मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. म्हणजे ट्राम म्हटल्यावर ज्यांच्या कानात घंटा वाजेल असे वाचक मराठीतही आता थोडेच उरले.

प्रयोग होता ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिकच्या हार्वी थिएटरमध्ये. हे थिएटर मला मनापासून आवडतं. १९०४ सालची इमारत, पुढे कित्येक वर्षं बंद पडून होती. १९८७ मध्ये पीटर ब्रूकचं नऊ तासांचं 'महाभारत' इथे आलं, त्या निमित्ताने ती पुन्हा उघडली. आणि उघडताना भिंती रंगवून गुळगुळीत केल्या नाहीत. पोपडे निघालेल्या भिंती तशाच ठेवल्या, आजही तशाच आहेत. मल्लिका साराभाईंची द्रौपदी उभी राहिली ती इथेच. मी दर वेळी आत शिरलो की एकदा रंगमंचाकडे बघतो आणि मनात म्हणतो, इथे. त्या दिवशीही म्हटलं. त्याचं काय होणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

रंगमंच जवळजवळ रिकामा. चौथऱ्यासारखी उंच केलेली चौकोनी जागा, तिच्या कडेने नट बसलेले. आपला प्रवेश नसेल तेव्हा तेच हातात वस्तू आणून देतात. घर नाही, जिना नाही, पडदा नाही. आणि वरच्या बाजूला ड्रम घेऊन बसलेला वादक. विल्यम्सने संहितेत 'ब्लू पियानो' लिहून ठेवलाय. फ्रेकनॉलने तिथे ड्रम आणला. सुरुवातीला मी वैतागलो. वाक्य संपायच्या आत थाप पडायची आणि शेवटचे दोन शब्द बाल्कनीपर्यंत पोचायचेच नाहीत. वहीत लिहिलं : 'ढोलताशा पथक?'

अंधारात नोंदी घेण्याची माझी पद्धत जुनी आहे. पाठकोऱ्या कागदांची वही, शिसपेन्सिल (पेन अंधारात कधी रुसेल सांगता येत नाही), आणि डाव्या हाताचं बोट ओळीच्या सुरुवातीला ठेवून लिहायचं, म्हणजे ओळीवर ओळ चढत नाही. तरी चढतेच. पहिल्या अंकात मी पानंच्या पानं भरली. मेस्कल काम उत्तम करत होता हे पहिल्या पाच मिनिटांत कबूल करावं लागलं, आणि माझं घरून आणलेलं वाक्य तिथेच बाद झालं. १९४७ मध्ये मार्लन ब्रँडोने ही भूमिका केल्यापासून प्रत्येक स्टॅनली ब्रँडोशी झटापट करत येतो. याने ती केली नाही. याचा स्टॅनली हळू बोलतो, थांबतो, ऐकतो, आणि त्या ऐकण्याचीच धास्ती वाटते.

आणि तो हसवतो. ब्लांश घरी कोणी नसताना चोरून व्हिस्की पिते, ग्लास धुऊन ठेवते. पुढे स्टॅनली बाटली उजेडाकडे धरून किती कमी झाली ते बघतो आणि तिला विचारतो. ती म्हणते, मी क्वचितच शिवते. तो म्हणतो, काही लोक दारूला क्वचित शिवतात, पण दारू त्यांना बऱ्याचदा शिवते. अख्खं थिएटर हसलं. मीही हसलो, चांगला मोठ्याने. मग तो तिची ट्रंक उघडतो, एकेक कपडा बाहेर ओढतो, फरचे कपडे, दागिने, हे पैसे आले कुठून म्हणून बायकोला विचारतो, आणि लुईझियानातला 'नेपोलियनचा कायदा' समजावतो : बायकोचं ते नवऱ्याचं. तेव्हाही हशा. वहीत माझी नोंद आहे, 'टायमिंग!!' दोन उद्गारचिन्हांसह.

मध्यंतरात पाय मोकळे करताना मी मनातल्या मनात परीक्षण लिहीत होतो. चांगलं चाललं होतं.

दुसऱ्या अंकात ब्लांशच्या वाढदिवसाचं जेवण आहे. मिच, म्हणजे जो तिच्याशी लग्न करेल अशी तिला आशा आहे तो, आलेला नाही. त्याची खुर्ची रिकामी. स्टॅनली म्हणतो, तुझ्यासाठी भेट आणलीय. तिचा चेहरा उजळतो. मला काही अपेक्षा नव्हती, असं काहीतरी ती म्हणते, आणि पाकीट उघडते. आत बसचं तिकीट. परत लॉरेलला, ती जिथून आली त्या गावाला, मंगळवारचं. म्हणजे चालती हो. ब्लांश झालेल्या पॅट्सी फेरनने तिथे जे केलं ते सांगतो. ती आधी हसायला गेली. ओठ हसले, मग हसू अर्ध्यात राहिलं, मग तिने पुन्हा प्रयत्न केला, जणू दुसऱ्यांदा जमेल. आणि त्या क्षणी माझ्या मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. दुष्टपणाने नाही, सवयीने. दीड तास स्टॅनलीच्या प्रत्येक वाक्यावर हसलेलं तोंड आपोआप उघडलं असणार. मला त्याचा राग आला नाही, कारण माझंही तोंड अर्धवट उघडं होतं. ते मी मिटलं.

पुढचा अर्धा तास मी काहीही लिहिलं नाही. वरून खरं पाणी कोसळलं, ड्रम घुमले, शेवटी डॉक्टर आले, आणि ब्लांश ते सुप्रसिद्ध वाक्य बोलून त्यांच्याबरोबर गेली. टाळ्या, सगळे उभे, मीही उभा.

आता खरी गंमत. पेन स्टेशनवरून रात्रीची गाडी पकडली, तिथेच कच्चा खर्डा फोनवर टाइप केला, घरी येऊन नीट केला आणि दोनच्या सुमारास धाडून दिला. पुण्यात तेव्हा सकाळचे साडेअकरा. आमच्या संपादक बाई मजकूर आला की लगेच वाचतात. वीस मिनिटांत फोन.

"झोपलास का रे?"

"नाही बाई, बोला."

"चांगलं लिहिलंयस. एक विचारू? बाई कुठंय यात?"

"कोण बाई?"

"तीच, जिचं नाटक आहे ती."

मी म्हटलं, आहे की, चौथ्या परिच्छेदात. त्या म्हणाल्या, "हो, मूळ अभिनेत्री दुखापतीमुळे सोडून गेली आणि ही थोड्याच दिवसांत भूमिका उचलून उभी राहिली, ही बातमी आहे. २०१९ मध्ये हिला लंडनच्या रंगभूमीचं ऑलिव्हिए पारितोषिक मिळालं होतं, विल्यम्सच्याच नाटकासाठी, तीही बातमी. तिने काय केलं ते कुठाय? त्या स्टॅनलीवर तीन परिच्छेद आहेत. तो कसा थांबतो, कसा बघतो, बाटली कशी धरतो." थोडं थांबून म्हणाल्या, "त्याने तुलाही खिशात घातलं म्हणायचं."

आणि मग, फोन ठेवता ठेवता : "ब्लांशचं ते शेवटचं वाक्य. 'परक्यांच्या दयेवर' लिहिलंयस. दया कशाला? भीक मागतेय का ती? बघ जरा."

मी नोंदवही काढली. मोजलं. बारा पानं. स्टॅनलीबद्दल जवळजवळ सगळी. ब्लांशबद्दल पहिल्या अंकात एकच नोंद : 'ब्लां. फार भरभर बोलते. पोचत नाही.'

बसलो तसाच. फार भरभर बोलते. बोलणारच की! फेरनची ब्लांश नाजूक, विरघळणारी, दिव्यावरच्या पतंगासारखी वगैरे नव्हतीच. ती हुशार, चिडखोर, विनोदी बाई होती, आणि शब्द थांबले तर खाली पडू अशा भीतीने बोलत होती. पहिल्या अंकात ड्रमची थाप तिची वाक्यं तोडत होती, आणि ती प्रत्येक वेळी पुन्हा वरच्या पट्टीत सुरू करत होती. मला जे 'पोचत नाही' वाटलं, तोच तिचा प्रयत्न होता. त्या घरात तिचं बोलणं कोणापर्यंतच पोचत नाही. ट्रंकेचा प्रवेश आठवला. हसणारं थिएटर, ओढून काढलेले कपडे, मालकीचा कायदा सांगणारा नवरा, आणि त्याच फळ्यांवर कधीकाळी उभी राहिलेली द्रौपदी. आत शिरताना मी 'इथे' म्हटलं होतं आणि मग सभेत बसून 'टायमिंग' अशी नोंद केली होती.

हे माझं एकट्याचंच नाही, एवढा दिलासा घ्यायला मी जुनी पुस्तकं काढली. ३ डिसेंबर १९४७ ला एलिया कझानच्या दिग्दर्शनात मूळ प्रयोग झाला, जेसिका टँडी ब्लांश होती, ८५५ प्रयोग झाले. हॅरल्ड क्लर्मन या समीक्षकाने तेव्हाच तक्रार केली होती की ब्रँडोच्या ताकदीमुळे प्रेक्षक स्टॅनलीच्या बाजूला झुकतात आणि नाटकाचा तोल जातो. पुढे दौऱ्यावरच्या संचाचं दिग्दर्शन त्यानेच केलं, उटा हागेनला ब्लांश करून. समीक्षकाला अशी संधी क्वचित मिळते. मला फक्त मजकूर दुरुस्त करायचा होता.

पहाटे साडेचारपर्यंत लिहीत होतो. स्टॅनलीचे दोन परिच्छेद उडवले, बाटलीचा ठेवला. ड्रमबद्दलची तक्रार अर्धी मागे घेतली. अर्धी अजूनही आहे, काही ठिकाणी तो नुसताच मोठा होता. ब्लांशचा मेलेला तरुण नवरा रंगमंचावर नाचताना दिसतो, त्याबद्दल मात्र नाराजी कायम ठेवली. ती त्याच्याबद्दल सांगते तेव्हा तो फक्त तिलाच दिसायला हवा. आम्हालाही दाखवला की ती साक्षीदार उरत नाही, सूत्रधार होते. आणि हशाबद्दल लिहिलं, माझ्यासकट. पहिल्या अंकात प्रेक्षकांना स्टॅनलीबरोबर हसू द्यायचं आणि बसच्या तिकिटापाशी ते हसू त्यांच्याच घशात अडकवायचं, हे फ्रेकनॉलने जाणूनबुजून केलंय असं माझं मत आहे. मागच्या रांगेतला तो माणूस माझ्याशी सहमत असेल का, माहीत नाही.

शेवटच्या वाक्याला सगळ्यात जास्त वेळ गेला. 'परक्यांच्या दयेवर' गेलं. 'अनोळखी लोकांच्या कृपेवर' लिहिलं, ते देवळातल्यासारखं वाटलं. 'सौजन्यावर' म्हणजे सरकारी पत्र. शेवटी लिहिलं : 'मी कायमच अनोळखी माणसांच्या चांगुलपणावर विसंबून राहिले.' मोठ्याने वाचून बघितलं. फेरनने हे वाक्य विनवणीच्या सुरात घेतलं नव्हतं. पाहुणी निघताना यजमानांचे आभार मानते, तसं ती बोलली होती. 'चांगुलपणा' त्या सुरात बसतो.

सकाळी बाईंचा निरोप आलेला होता. 'आता झालं परीक्षण. आठशे शब्द सांगितले होते, साडेअकराशे आहेत, कापते आहे. आणि स्टेलाचं काय?'

स्टेला होती अंजना वासन. चेन्नईत जन्मलेली, सिंगापुरात वाढलेली, याच भूमिकेसाठी २०२३ मध्ये ऑलिव्हिए मिळालेली. बहीण की नवरा, यातला निवाडा अखेर तिलाच करावा लागतो, आणि ती नवऱ्यावर विश्वास ठेवायचं ठरवते. तिच्यावर माझ्या मजकुरात दोन ओळी होत्या. वही पुन्हा चाळली. बारा पानांत तिचं नाव एकदा आलं होतं, तेही स्टॅनलीच्या हाकेत.