भोसरीच्या वर्कशॉपचं अडकलेलं बिल कसं सुटलं

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी ही संगणकावर चालणारी मशिनं, एक म्हातारं लेथ आणि सात माणसं. मशिनं दादा बघतो; बिलं, बँक आणि फोन माझ्याकडे. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी आणि स्पूल (आतला सरकणारा दांडा) आम्ही एका मोठ्या कंपनीला पुरवायचो. ती कंपनी असेंब्ली करून माल जर्मनीला पाठवायची.

२०२३ साली जर्मनीची अर्थव्यवस्था आक्रसली. त्या वर्षाच्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि माल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला. यातलं काहीही भोसरीत घडलेलं नाही, पण झळ मात्र आमच्यापर्यंत पोचली. कंपनीच्या अकाउंट्समधून उत्तर यायचं, "मॅडम, आमचं पेमेंट तिकडून आलं की तुमचं करतो." डिसेंबर ते फेब्रुवारीच्या बिलांचे मिळून सुमारे ११ लाख अडकले.

बाहेरच्या माणसाला यातली एक गोष्ट पटकन कळत नाही. त्या ११ लाखांत पावणेदोन लाखांच्या आसपास जीएसटीच होता आणि तो आम्ही वेळेवर भरून मोकळे झालो होतो. पैसे आले नाहीत म्हणून सरकार थांबत नाही. स्टीलवाला थांबत नाही, त्याला रोख नाहीतर जेमतेम महिनाभराची उधारी. बँकेचं तर आणखी निराळं. आमच्या कॅश क्रेडिटमध्ये, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जात, ९० दिवसांपुढची येणी धरत नाहीत, त्यामुळे कंपनी जितकी लांबवत गेली तितकी आमची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे बँकेतून उचलता येणारी रक्कम, खाली आली. म्हणजे पैसे जास्त लागतात नेमके तेव्हाच ते कमी मिळतात.

मार्चमध्ये कंपनीकडून एक चमत्कारिक पत्र आलं. तुम्ही सूक्ष्म, लघु की मध्यम, उत्पादक की व्यापारी, ते लिहून द्या. आमच्या सीए मॅडम हसल्या. आयकर कायद्यात ४३बी(एच) हे नवं कलम त्याच आर्थिक वर्षापासून लागू झालं होतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजावट मिळते. त्यामुळे मार्चअखेर सगळ्यांनाच आपले छोटे पुरवठादार अचानक आठवले. पर्चेसमधल्या एका साहेबांनी मला फोनवर गोड आवाजात विचारलंही, "तुमची ती छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणी रद्द करता येईल का? म्हणजे सगळ्यांनाच सोपं." मी म्हटलं, "साहेब, आधी बिल सोडा, मग बघू."

बिल सुटलं नाही. तेव्हा एमएसएमई समाधान या थकलेल्या बिलांच्या तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचं ठरवलं. दादाचा याला ठाम विरोध होता. "अगं, तक्रार केलीस तर आपलं ऑर्डरचं शेड्यूल बंद करतील. भोसरीत ही बातमी चहाच्या टपरीपर्यंत जाते." त्याची भीती खोटी नव्हती. छोट्या उद्योगांची बिलं वेळेत द्यायला लावणारा कायदा २००६ पासून आहे, तरी आमच्या गल्लीत तो कुणी वापरत नाही त्याचं कारण हेच. मी त्याला एवढंच विचारलं, की पैसे न देणाऱ्याचं शेड्यूल टिकवून आपण नक्की काय कमावतोय? त्यावर तो दोन दिवस बोलला नाही, मग म्हणाला, कर.

अर्ज भरणं त्या मानाने सोपं. उद्यम नंबर, ओटीपी, खरेदीदाराचा पत्ता, मग पीओ (कंपनीची खरेदीची ऑर्डर) आणि बिलं अपलोड. खरी मेहनत त्याआधीची. प्रत्येक बिलाला त्याचं चलन (मालासोबत जाणारी पावती) आणि कंपनीच्या गेटवरचा इनवर्डचा शिक्का जोडायचा. आमचा टेम्पोवाला चलनाची सही झालेली प्रत आठवणीने परत आणतो, त्याचे उपकार मी विसरणार नाही. उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची असावी, हेही महत्त्वाचं, आमची होती. आणि उद्यम असूनही निव्वळ व्यापाऱ्याला हा मार्ग मिळत नाही, उत्पादक किंवा सेवा देणारा लागतो.

तक्रार जाते सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशी थकबाकीची प्रकरणं ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे. पुणे विभागाची परिषद इथेच आहे. खरेदीदार देशात कुठेही असो, पुरवठादार जिथला तिथली परिषद प्रकरण ऐकते. हे कळलं तेव्हा मला बरंच हायसं वाटलं, कारण आमच्या पीओच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की वाद झाल्यास लवाद चेन्नईला. पहिल्याच तारखेला कंपनीच्या वकिलांनी तोच मुद्दा काढला. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की आपापसात लवादाचा करार असला तरी या कायद्याचा मार्ग त्याच्या वर. सीए मॅडमनी तो निकाल छापूनच दिला होता.

मग दुसरा मुद्दा निघाला, रिजेक्शन. दोन लॉटमध्ये स्पूलचं माप बाहेर होतं म्हणे, त्याची डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून तेवढी रक्कम कापल्याचा कागद. तारीख बघितली तर ती आमच्या तक्रारीनंतरची! माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं कायदा धरतो. आमच्याकडे त्या लॉटच्या तपासणीचे रिपोर्टही होते, पण ते काढायची वेळच आली नाही. समोरच्यांनी तो कागद पुन्हा फाइलमध्ये ठेवला.

व्याजाचा आकडा ऐकून वकील जरा चमकले. ठरलेली मुदत काहीही असो, ती ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ. तेव्हा बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे २०.२५ टक्के. शिवाय हे व्याज कंपनीला खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि टॅक्स ऑडिटच्या रिपोर्टमध्ये त्याची नोंद करावी लागते. माझ्या मते परिषदेच्या नोटिशीपेक्षा त्यांना या नोंदीचीच काळजी जास्त होती. ऑडिट रिपोर्टच्या मुदतीचा सप्टेंबर जवळ आला तसे फोन तिकडून यायला लागले.

समेट झाला. मुद्दल पूर्ण, दोन हप्त्यांत. व्याज साधारण एक तृतीयांश. दादा म्हणाला, सोडू नकोस, लवादात पुरतं घे. कायद्यात निकालाला ९० दिवस लिहिलेत, पण तारखा कशा पडतात ते मी तोवर पाहिलं होतं आणि दिवाळीचा बोनस द्यायचा होता. मी सही केली. व्याजाचा अट्टहास धरायचा की नाही, हे ज्याने त्याने आपली ड्रॉइंग पॉवर बघून ठरवावं.

शेड्यूल बंद झालं नाही, निम्म्यावर आलं. पुढच्या वर्षीच्या पीओवर ४५ दिवस छापून आले आणि सोबत तीन टक्के भाव कमी करण्याची मागणी, चीनमधल्या कोटेशनचा दाखला देत. आम्ही एक टक्क्यावर तोडलं. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिलांवर लवकर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर यावंच लागतं, ३१ मार्च २०२५ ही त्याची मुदत होती, त्यामुळे आमची कंपनीही आली. तिथे बिल टाकलं की बँका बोली लावतात, पैसे लवकर मिळतात आणि पुढे खरेदीदाराने बुडवलं तरी आपल्या गळ्यात येत नाही. मात्र आधी कंपनीने ते बिल तिथे मान्य करावं लागतं. मान्यतेचं बटण ज्यांच्याकडे आहे त्या अकाउंट्सच्या साहेबांना मी हल्ली दर सोमवारी सकाळी फोन करते.