मामांच्या ट्रंकेतल्या चार दौती : महिनाभराची नोंद

मामांचं घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत शाईच्या चार दौती सापडल्या. दोन रॉयल ब्लू, एक काळी, एक ब्लू-ब्लॅक. मामा १९९२ला निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी शाई विकत आणल्याचं घरात कुणाला आठवत नाही. म्हणजे वय तिशीच्या पुढेच.

पहिला रविवार झाकणं सोडवण्यात गेला. वाळलेल्या शाईने दोन झाकणं अशी धरून ठेवली होती की कोमट पाण्याचं फडकं पाच-पाच मिनिटं गुंडाळून ठेवावं लागलं. मग वास घेतला. रॉयल ब्लूला जुन्या दवाखान्यासारखा वास, तो फिनॉलचा. बुरशी धरू नये म्हणून पूर्वी शाईत ते घालत, त्यामुळे नाक मुरडायचं कारण नाही, उलट बरी खूण. काळीला मात्र ओल्या गोणपाटाचा वास. टूथपिक फिरवली तर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा वर आला आणि टोकाला एक धागा लोंबत राहिला. दौतीसकट कचऱ्यात. गाळून वापरावी असं सुचवणारे भेटतील, पण बुरशीचे बीजाणू गाळणकागदाला जुमानत नाहीत. एकदा पेनात शिरले की तेच पेन बुडवाल त्या पुढच्या चांगल्या दौतीतही जातात. साठ मिलिलिटर शाईसाठी एवढी कंजूषी कशाला?

रॉयल ब्लूचं सोपं निघालं. एक दौत निम्म्याच्या खाली, पाणी उडून शाई दाट झालेली. ड्रॉपरने डिस्टिल्ड वॉटर थोडं थोडं घालत, दर वेळी टाकाने (दौतीत बुडवून लिहायच्या पेनाने) एक ओळ लिहून बघत गेलो. तीन ड्रॉपरनंतर रेघ सुटसुटीत आली. टॉर्चपुढे धरली तर तळ स्वच्छ. इबोनाइटच्या (कडक रबराच्या) ड्रॉपर-पेनात, म्हणजे ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायच्या पेनात भरली, तीन आठवडे झाले, एकदाही अडली नाही. दुसरी दौत जवळजवळ भरलेलीच आहे, तिला हात लावावा लागला नाही.

ब्लू-ब्लॅकने मात्र घाम काढला, आणि चूक माझीच. ही लोहयुक्त शाई. लोहाचा क्षार आणि टॅनिन शाईत विरघळलेले असतात. कागदावर हवा लागली की त्यांचं काळं, न विरघळणारं संयुग बनतं, म्हणून अक्षर आधी फिकट निळं उमटतं आणि नंतर गडद होतं. दौत अर्धी रिकामी असली की आतल्या हवेने हेच दौतीतच सुरू होतं. तळाला बसलेला काळा साका म्हणजे कागदावर उमटायच्या आधीच काळी पडलेली शाई. मी कॉफीच्या फिल्टरमधून गाळली, वर निळीशार दिसली, आणि उत्साहाच्या भरात थेट १९५०च्या दशकातल्या, आत शाईची रबरी पिशवी (सॅक) असलेल्या पेनात भरली. गाळल्याने आजवर बसलेला साका निघतो, उद्या बसणारा नाही. चौथ्या दिवशी पेन ठप्प.

साध्या पाण्याने नुसता रंग निघाला, जिभेच्या (निबखालच्या, शाई पुढे नेणाऱ्या भागाच्या) खाचांतला काळा थर तसाच. शेवटी निब आणि जीभ काढून पाण्यात चिमूटभर व्हिटॅमिन सी (शुद्ध पूड, नारिंगी चघळायच्या गोळ्या नव्हेत) घालून तासभर ठेवली. थर डोळ्यांदेखत विरला, कारण ते लोहाला पुन्हा विरघळणाऱ्या रूपात आणतं. रात्रभर मात्र ठेवू नका, स्टीलची निब असेल तर मुळीच नाही, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. ती शाई आता फक्त टाकासाठी. टाक पुसला की झालं.

तेव्हापासून कुठलीही जुनी शाई आधी काचेच्या पेल्यात रात्रभर झाकून, मग टाकाने, मग शंभर रुपयांच्या पारदर्शक पेनात आठवडाभर. त्यात पास झाली तरच पुढे. पार्करची चाळीसच्या दशकातली सुपरक्रोम शाई कुणाला मिळाली, तर शोकेसमध्ये ठेवा: ती इतकी अल्कधर्मी आहे की जुन्या पेनांचे आतले भाग खाते. लाखेची ड्रॉइंग इंक तर ताजी असली तरी शाईपेनात नको.

जाता जाता: दांडेकरांनी १९३१मध्ये मुंबईत सुरुवात केली ती 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुडीने आणि वड्यांनी, कॅम्लिन हे नाव पुढचं. तसली कोरडी पुडी कुणाच्या घरी अजून शिल्लक असेल तर मला बघायची आहे, शाई होऊन मुरायची तिची वेळच आलेली नसेल.

सध्या दोन्ही रॉयल ब्लूच्या ओळी एका पुठ्ठ्यावर लिहून अर्धा पुठ्ठा काळ्या कागदाने झाकलाय आणि दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवलाय. पाण्याने धुतली जाणारी ही निळी उन्हात किती उडते, पंधरा दिवसांनी कळेल.