दोरीवरची सगळ्यात वरची

आमच्या व्यायामशाळेचं संमेलन हनुमान जयंतीला. पहाटे जन्माचा पाळणा, सुंठवडा, आणि संध्याकाळी आखाड्यासमोरच्या पटांगणात प्रात्यक्षिकं. कृष्णाकाठच्या आमच्या गावात शाळेची परीक्षा कधीही संपो, आमची सुट्टी सुरू व्हायची ती संमेलन पार पडल्यावरच. त्याआधी महिनाभर सुटका नसे.

व्यायामशाळा काढली गुरुजींनी. तरुणपणी ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आले होते. ती संस्था वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेली. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरलं तेव्हा तिचं पथक तिकडे देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. गुरुजी काही त्या पथकात नव्हते, पण बर्लिनची गोष्ट ते अशी रंगवून सांगत, की बोटीचं तिकीट अजून खिशात असावं.

गावात परतल्यावर त्यांनी मारुतीच्या देवळामागची पडीक जागा मागून घेतली आणि वखारीतून सागाचा एक ओंडका उधारीवर आणला. सुतारानं त्यातून मल्लखांबाचं अंग, मान, बोंड काढून दिलं. खांब पुरला, पण उधारी फेडायची कशी? पोरांची वर्गणी महिना चार आणे, तीही निम्मी बुडालेली. म्हणून त्या हनुमान जयंतीला खेळ करून दाखवायचे आणि शेवटी आरतीचं ताट फिरवायचं असं ठरलं. म्हणजे आमचं संमेलन निघालं ते वखारवाल्याचे पैसे द्यायला. पुढे कुणी त्याला सांस्कृतिक परंपरा वगैरे म्हणायला लागलं की जुनी मंडळी गालात हसायची.

त्या ताटातूनच व्यायामशाळा वाढली. एका वर्षीच्या ताटातून पत्रे आले, एका वर्षी टांगता मल्लखांब, एकदा नुसतीच कुस्तीच्या हौद्यासाठी तांबडी माती. आज तिथं पक्की इमारत आहे आणि तिला आमदार निधीची पाटीही आहे. पण आम्ही बायका अजून एकमेकींना ‘तो पत्रा आपल्या वर्षीचा’ असंच दाखवतो.

कार्यक्रमाचा क्रम कधी बदलला नाही. आधी लेझीम, मग लाठी, फरीगदगा, मग मल्लखांब. मधेच एक नाटुकलं. पेशवाईतल्या बाळंभटदादा देवधरांचं. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाकडून अली आणि गुलाब असे दोन पैलवान येतात, आव्हान देतात, कुणी पुढे होत नाही. बाळंभटदादा मुदत मागून वणीच्या सप्तशृंगीला जातात, तिथं मारुतीराया त्यांना लाकडी खांबावरचे डाव दाखवतो, आणि ते परत येऊन अलीला चीत करतात. ही मल्लखांबाची सगळीकडे सांगितली जाणारी जन्मकथा. आमच्याकडे अलीचं काम सलग सहा वर्षं एकाच मुलाला मिळालं, कारण तेवढं वजन दुसऱ्या कुणाचं नव्हतं. दरवर्षी पडून पडून तो इतका तयार झाला, की शेवटच्या वर्षी बाळंभटदादाच त्याच्याखाली आला. मारुतीची शेपटी एकदा खांबावरच्या राळेला अशी चिकटली, की देव खाली उतरले आणि शेपूट वरच राहिलं.

खांबाला एरंडेलाचा हात फिरवायचं काम संमेलनाच्या दुपारी व्हायचं. ते मोठ्या मुलांकडे. थोडं तेल तळव्यावर घेऊन खालून वर फिरवत जायचं, फार झालं तर उडी मारणारा थेट खाली येतो, कमी पडलं तर मांड्या सोलवटतात. गुरुजी शेवटी येऊन नुसता अंगठा टेकवत आणि ‘अजून थोडं’ किंवा ‘पूस’ एवढंच म्हणत. त्या वासाला माझ्या नाकात आजही मुंडावळ्या, फुगे आणि उसाचा रस चिकटलेला आहे, कारण देवळाबाहेरची जत्रा त्याच दिवशी असायची.

आम्ही मुली यात आलो फार उशिरा. आधी आम्हाला लेझीम आणि शेवटचं पसायदान. गुरुजी स्वतः टांगलेल्या वेतावरचा मल्लखांब शिकलेले. चांगला वेत मिळेनासा झाल्यावर बऱ्याच ठिकाणी सुती दोर आला, तसा आमच्याकडेही आला, आणि दोर आला म्हणून मुली आल्या. आया तयार होईनात. ‘उलटं लटकायचं म्हणजे काय!’ माझी आजी मात्र म्हणाली, ‘पोरगी चिंचेवर चढते ते चालतं, मग दोरावर का नको?’ दुपारी मुलं गेल्यावर आमचा वर्ग भरायचा. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरायचा, हे ऐकायला सोपं आहे. पहिला आठवडा त्या बेचक्यात फोड आणि हळद, एवढंच असायचं.

दोरावरच्या मनोऱ्याचं गणित खांबावरच्या मनोऱ्यापेक्षा वेगळं. इथे कुणी कुणाच्या खांद्यावर उभं नसतं, प्रत्येकीनं त्याच एका दोराला धरून आपापलं आसन लावायचं, एकीखाली एक. त्यामुळे सगळ्यात वर जायचं तिनं सगळ्यात आधी चढायचं आणि सगळ्यात शेवटी उतरायचं. म्हणजे जी वयानं सर्वांत लहान, तिलाच सर्वांत जास्त वेळ टिकायचं. अन्याय वाटायचा मला, कारण तीन वर्षं ती मी होते.

त्यातल्या दुसऱ्या वर्षी मी वर पद्मासनात, माझ्याखाली चौघी, आणि गावातले दिवे गेले. बाया ओरडल्या. अंधारात गुरुजींचा आवाज आला, अगदी रोजचा: ‘कुणी हलू नका. वरून आकडे म्हणा.’ मी ‘एक’ म्हटलं. खालून ‘दोन’, ‘तीन’, ‘चार’, ‘पाच’. पुन्हा ‘एक’. कितव्या फेरीला कोण जाणे, कुणीतरी हलवायाकडची गॅसबत्ती आणली, आणि तिच्या उजेडात एकेक जण उतरली. मी उतरले तेव्हा माझे पाय जमिनीला लागले ते मला कळलंच नाही. त्या वर्षी ताटात इतके पैसे पडले, की दुसरा दोर आला. पाहुण्यांचं भाषण मात्र बत्तीच्या उजेडातही झालंच. भाषणाला वीज लागत नाही.

१९८१ मध्ये उज्जैनला मल्लखांबाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि हळूहळू खेळात नियम, गुण, वेळ हे सगळं आलं. आमच्या पोरी जिल्ह्याला जाऊ लागल्या. संमेलनात ‘सेट’ हा, म्हणजे वेळेत बसवलेल्या डावांच्या मालिकेचा, शब्द आला, घड्याळ आलं. चांगलंच झालं. पण घड्याळ लावल्यावर मारुतीचं शेपूट कुठे चिकटायला वेळ मिळत नाही, हीही एक तक्रार आहे माझी.

२०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईला शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली. पंधरा देश. मी भाचीला घेऊन मुद्दाम गेले. दादरच्या ज्या समर्थ व्यायाम मंदिराचं नाव आम्ही लहानपणापासून आदरानं ऐकत होतो, ते तिथून दगड मारला तर पडेल इतक्या जवळ. तिथल्या उदय देशपांडे सरांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला आणि तो परदेशातही नेला. २०२४ ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या व्यायामशाळेनं पेढे वाटले, जसे काही आमचेच सर. स्पर्धेच्या त्या दिवशी मैदानात गोऱ्या मुली दोरावर चढत होत्या. भाचीनं विचारलं, ‘मावशी, यांच्या बोटांतही फोड येतात का गं?’ मी म्हटलं, चामडी तीच आहे.

यंदाच्या हनुमान जयंतीला भाची वर होती. सर्वांत लहान, म्हणून सर्वांत वर. गुरुजी आता नाहीत, त्यांची जुनी विद्यार्थिनी शिकवते. मी खाली दोराचं टोक धरून होते. दिवे छान लागले होते, इन्व्हर्टर आहे आता. मनोरा लागला, टाळ्या झाल्या, खालच्या मुली एकेक उतरल्या. ही वरच.

‘उतर की गं,’ मी हळूच म्हटलं.

‘थांब मावशी,’ वरून आवाज आला, ‘इथून जत्रा दिसतेय.’