माळ्यावरचा जिना

मी नगरच्या ख्रिस्ती घरातला, पण चर्चमध्ये शिरलो की आधी भिंती मोजतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जुन्या इमारतींचे नकाशे काढायचे, हे माझं पोटापाण्याचं काम. त्या मंगळवारी एका गोऱ्या मंडळीच्या, म्हणजे गोऱ्या सभासदांच्या, जुन्या चर्चमध्ये लिफ्टसाठी जागा शोधायची होती.

जागा तासाभरात सापडली. बाहेरून थेट वरच्या गॅलरीत चढणारा एक बंद जिना. नऊ-नऊ इंचांच्या उभ्या पायऱ्या, खांदे दोन्ही भिंतींना घासत होते. जुन्या नकाशात तिथे 'अडगळ' लिहिलेलं. मी लाल पेनाने फुली मारली.

दुपारच्या बैठकीला शेजारच्या काळ्या मंडळीतल्या एक आजी आल्या होत्या. दोन्ही मंडळ्या महिन्यातून एकदा एकत्र जेवतात, म्हणून बोलावलेलं. चर्चचे अध्यक्ष एकोप्यावर बरंच बोलले. शेवटी तर दोन्ही मंडळ्या एकच करू म्हणाले. आजी म्हणाल्या, "गुलामी संपल्यावर आमच्या मालकीचं पहिलं काही असेल तर ते आमचं चर्च. ते बंद करून एक व्हायचं? आणि हा जिना का पाडताय?"

कोणीच बोलेना. आजींनी जुनी सभासद-वही मागवली. गोऱ्यांची नावं आडनावासकट. गुलामांचं नुसतं नाव आणि पुढे मालकाचं. पाळक एक, उपासना एक, वर जायची वाट तेवढी वेगळी. बोट ठेवून त्या एकेक नाव वाचत गेल्या. मी लाल पेन खिशात टाकलं.

मला आमची आजी आठवली. तिच्या गावच्या चर्चमध्ये महार ख्रिस्ती एका सतरंजीवर, मांग ख्रिस्ती दुसऱ्या. प्रभुभोजनाचा प्याला आधी कुणाच्या ओठाला लागायचा यावरून भांडणं. बाप्तिस्मा झाला तरी सतरंज्या दोनच.

आमच्या राज्यातल्याच मेकन शहरात फर्स्ट बॅप्टिस्ट नावाची दोन चर्च आहेत, एक गोऱ्यांचं, एक काळ्यांचं, अगदी जवळजवळ. मूळ मंडळी 1826ची, एकच; गृहयुद्धाच्या आधीच रंगावरून फुटलेली. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी पुढाकार घेतलेल्या, बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथातल्या एका चळवळीतून दोघांनी एकोप्याचा करार केला. मुलांचे ईस्टरचे खेळ, जेवणं एकत्र. चर्च मात्र दोन्ही उभी. बैठकीत हे कुणीतरी सांगितलं तेव्हा अध्यक्षांचा एकीकरणाचा उत्साह जरा ओसरला.

लिफ्ट शेवटी स्वयंपाकघराच्या बाजूला गेली. खर्च वाढला, तो त्यांनी कुरकुरत मान्य केला. नकाशात जिन्याला नाव हवं होतं. आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "जे होतं तेच लिही, बाळा." मी 'गुलामांचा जिना' लिहिलं.

अध्यक्षांचा दोनदा फोन आला, 'जुना जिना' लिहिलं तर चालणार नाही का? म्हटलं, आजींना विचारा. त्यांनी अजून विचारलेलं नाही.